मदीनाच्या डोळ्याची पट्टी

जव्हारच्या बाजारात मेहबूब शिंप्याइतका टापटीप माणूस दुसरा नव्हता. सदऱ्यावर एक सुरकुती दिसली तरी त्याचा जीव खालीवर व्हायचा. त्याच्या बायकोच्या, मदीनाच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बाहेरगावचा डॉक्टर धर्मशाळेत डोळे कापायला आला, तेव्हा यानंच तिला हाताला धरून आणलं.

मी रंगू, तिथं कामाला होते. पट्ट्या उकळायच्या, वाळवायच्या, डब्यात भरून झाकण लावायचं. "डब्याला कोणी हात लावायचा नाही," डॉक्टर ओरडून सांगायचा. का, ते सांगेल तर शपथ! एवढं शिकलेला, दोन शब्द जास्त बोलला असता तर जीभ झिजली असती मेल्याची?

एका डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. मदीनाला डॉक्टरची बोटं दिसली, बाई खुदकन हसली. मग पट्टी बांधली.

मी जेवायला गेले आणि मेहबूबनं डबा उघडला. चुरगळलेल्या पट्ट्या बघून त्याला राहवेना. तिला टोचतील, असं वाटलं. हात साबणानं धुतले, बरं का! पट्ट्या दुकानात नेल्या, नेहमीसारखं तोंडात पाणी घेऊन फुर्रकन फवारलं, इस्त्री फिरवली आणि घड्या घालून डबा जागेवर ठेवला. आतल्या घड्या ओलसरच होत्या. संध्याकाळी डॉक्टरच्या कंपाउंडरनं पट्टी बदलली, ती त्यातलीच.

दोन-तीन दिवसांत डोळ्यातून पू वाहायला लागला. डॉक्टरनं विचारल्यावर मेहबूबनंच सगळं सांगितलं. "अरे, तुझ्या तोंडातली घाण तिच्या डोळ्यात गेली!" डॉक्टर म्हणाला. डोळा गेला. मी चार शिव्या घालायला निघाले होते, पण त्याचं तोंड बघून मलाच रडू फुटलं.

डॉक्टर म्हणाला, दुसरा करू, पट्टी मी स्वतः बांधीन. मदीना तयार होती. "ओ, करू द्या ना. तुमचं तोंड तरी दिसेल."

"नको. पुन्हा नको."

"मेहबूबभाई," मी भांडले, "तुम्ही घरी बसा हवं तर, पण तिला पाठवा!" तो हलला नाही. डॉक्टर निघून गेला.

पुढं तो दुसरा डोळाही मोतीबिंदूनं अंधारत गेला. मेहबूब तिला दुकानात शेजारी बसवायचा, हातानं भरवायचा. कोणी गिऱ्हाईक हळहळलं की घाईघाईनं सांगायचा, "हा डोळा मी नाही घालवला हां. हा आपोआप गेला."

माझ्या ओठांवर यायचं, घालवलास रे, हाही तूच घालवलास!

पण माझ्याआधी मदीनाच बोलायची. "हो हो, हा आपोआपच गेला."