बावीस लाख चोपन्न हजार आठशे सात

मालकांना, म्हणजे आमच्या ह्यांना, जाऊन सहा आठवडे झाले. त्या दिवशी मी पेज करायला घरी आले होते. डबा घेऊन इस्पितळात परतले तर खाट रिकामी. आदल्या संध्याकाळी ते नर्सला सांगत होते, "आमच्या दोघांचा आकडा फुटत नाय. हिनंच तपासलाय." मी म्हटलं, "गप पडा हो जरा." खरं काय ते उद्या सांगू, असं मनात ठरवलं होतं... चाळीस वर्षं मी उद्याच म्हणत होते.

आम्ही दोघं एकाच गिरणीत. ते साच्यावर कापड विणत, मी सुताच्या कांड्या भरी. त्यांच्या पितळी बिल्ल्यावर २२५४, माझ्या बिल्ल्यावर ८०७. एकदा त्यांनी दोन्ही बिल्ले शेजारी ठेवले, सलग एकच आकडा वाचला नि म्हणाले, "बघूया, ही मूळ संख्या आहे काय." म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही अशी. ते सातवी शिकलेले, मी चौथी, पण पाढे माझे पक्के. तीन, सात, अकरा असं एकेका मूळ संख्येने भागत जायचं. पंधराशेच्या पुढे बघायला नको म्हणत; का, ते मला कधी कळलं नाही. भागाकार मी पाटीवर करायची, उरेल ती बाकी सांगायची. ते वहीत फक्त बाकी लिहायचे, मी पाटी पुसायची.

मग संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात त्यांच्या शेजारच्या साच्यावरचा गणपत गोळी लागून गेला. दोघं बरोबर निघाले होते, हे एकटे परत आले. आमच्या भोईवाड्यात कर्फ्यू. चार दिवस हे धड जेवले नाहीत. पाचव्या दिवशी मीच पाटी काढली. वहीत नऊशे एक्केचाळीसपर्यंत झालं होतं. पुढची मूळ संख्या नऊशे सत्तेचाळीस. भागत गेले, आणि खाली शून्य आलं. पुन्हा करून पाहिलं. शून्यच.

"जाता काय गो?" त्यांनी मान वर करून विचारलं.

"नाय," मी म्हटलं. "तीन उरले." आणि पाटी पुसली.

"मगे फुडचो आकडो घे." वहीत तीन लिहिले आणि त्यांनी पेज मागितली.

पुढचे सगळे भागाकार मी केले. उपयोग नाही हे ठाऊक होतं, तरी एकही गाळला नाही. शेवटचा झाल्यावर ते चाळभर सांगत फिरले. शेजारची काकी म्हणाली, "आकडा ऱ्हवांदे, आधी तुमचा नळ तपासा. गळतोय." पुढे गिरणी बंद पडली, आकडा सांगणं काही थांबलं नाही. दुसऱ्या कुणाकडून त्यांनी तो कधी तपासून घेतला नाही. मी सांगितलं होतं ना, मग झालं.

पाटी अजून भिंतीला टेकून आहे. सकाळी चहा झाला की मी तिच्यावर तोच भागाकार मांडते. भाग दोन हजार तीनशे एक्क्याऐंशी वेळा जातो, खाली शून्य. "जाता काय गो" विचारायला कुणी नाही... पुसते, आणि दुसऱ्या दिवशी परत मांडते. एखाद दिवशी तीन उरतील, म्हणून.