नऊ बोटांची मांडणी

माझी भाची पुण्यात प्रोग्रामिंग करते. ज्या एडिटरमध्ये ती कोड लिहिते, त्यातली एकूण एक कळ तिनं स्वतःच्या मर्जीनं बदलून घेतली आहे. गेल्या दिवाळीत घरी आली तेव्हा ते सगळं बिघडलं होतं. एक दाबलं की भलतंच उमटायचं आणि बाईसाहेब सकाळपासून डोकं धरून बसल्या होत्या. मी म्हटलं, "शेवटी काय बदललंस ते आधी काढ. मग त्याच्या आधीचं. एका वेळी एकच." चहा होईपर्यंत चूक सापडली. "मावशी, तुला गं हे कसं माहीत?" तिनं तोंडाचा चंबू करून विचारलं. मला रागच आला. यांना वाटतं, यंत्र आपल्या हाताला बसेल असं करून घ्यायची अक्कल यांच्याच पिढीला सुचली.

मी हा उद्योग सत्तरच्या दशकात शिरूरला केला होता, मराठी टाइपरायटरवर, आणि तोही नऊ बोटांनी.

दहावं बोट, म्हणजे डाव्या हाताची करंगळी, लहानपणीच सायकलच्या चेनमध्ये गेलं. न्हावऱ्यात माझ्या वडिलांचं, आप्पांचं, सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. उलटी करून ठेवलेल्या सायकलचं पायडल एका हातानं फिरवायचं आणि दुसऱ्या हातानं चेनला तेल सोडायचं, हे काम माझ्याकडे. बोट गेल्यावर आई म्हणाली, "आता तरी पोरीला चुलीपाशी बसवा." आप्पा म्हणाले, "नऊ हायती की अजून." त्यांचा हा हिशेब मला फार आवडला. पाना आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातून कुणी काढून घेतला नाही.

मॅट्रिक झाल्यावर शिरूरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये नाव घातलं. पत्र्याच्या छपराची लांबट खोली, त्यात ओळीनं मशीनं, आणि प्रत्येक मशीनच्या कळांवर एक बिनतळाचं लाकडी खोकं. हात खोक्याखाली घालायचे, कळांकडे बघायचं नाही. भिंतीवर कळांचा तक्ता टांगलेला. तक्त्यानं प्रत्येक बोटाला कामं वाटून दिली होती, आणि डाव्या करंगळीवर शिफ्टबरोबर अनुस्वारही टाकला होता. अनुस्वाराशिवाय मराठी चार पावलंही चालत नाही. मी शेजारच्या बोटानं दुहेरी चाकरी करून बघितली. वेग येईना, आणि घाईत अनुस्वार हमखास गळायचे. कांद्याचा कादा व्हायचा.

सर शिस्तीचे आणि सज्जन. त्यांचं मत असं, की माणसानं मशीन शिकायचं असतं, मशीनला माणूस शिकवायचा नसतो. मी कळ बदलू का विचारलं तर म्हणाले, "बोर्डाचा तक्ता सगळ्यांना एकच असतो."

"सर, मग तुमच्या चष्म्याचा नंबर सगळ्या वर्गाला लावून बघा की," मी म्हणाले.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "परीक्षेत कागद तपासतात, कळा नाही. कोपऱ्यातलं मशीन घे. पण तुझा तास संपला की होतं तसं करून ठेवायचं. तुझ्यानंतर त्यावर दुसरं कुणीतरी बसतं."

आता बदलायचं म्हणजे नेमकं काय, ते सांगते. टाइपरायटरची कळ दाबली की एक लोखंडी काडी उठते आणि तिच्या टोकाचं अक्षर रिबनीवर आपटतं. मला अनुस्वार डाव्या करंगळीवरून उचलून उजव्या हाताच्या एका सोयीच्या कळेवर न्यायचा होता, आणि तिथलं क्वचित लागणारं अक्षर अनुस्वाराच्या जागी टाकायचं होतं. पहिल्यांदा मी सोपी वाट धरली. दोन्ही काड्यांच्या टोकांची अक्षरं फक्त काढली आणि गावातल्या भांडीवाल्याकडून डाग देऊन आलटूनपालटून बसवून आणली. मोठ्या ऐटीत "कांदा" टाइप केलं. टिंब एकीकडे आणि का दुसरीकडे, जणू दोघांचं भांडण झालंय.

कारण अनुस्वाराची कळ मुकी असते. ती दाबली की टिंब उमटतं, पण कागद जागचा हलत नाही. मग अक्षर दाबलं की ते बरोबर त्या टिंबाखाली येऊन बसतं. हा मुकेपणा टोकाच्या अक्षरात नसतो, काडीच्या अंगात असतो. म्हणजे टोकं नाही, अख्ख्या काड्याच बदलायला हव्या होत्या. सगळ्या काड्या एका लांब तारेत मण्यांसारख्या ओवलेल्या. कडेचे स्क्रू सैल करून ती तार ओढायची, काड्या बदलायच्या, तार परत घालायची. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की भांडीवाल्यावरचा राग मी तिथल्या तिथं सोडून दिला. दुसऱ्या आठवड्यापासून माझे अनुस्वार गळायचे थांबले. शिफ्टसाठीही उजवीकडचीच कळ वापरायची सवय केली. डाव्या करंगळीसाठी त्या मशीनवर जवळपास काही कामच उरलं नाही.

अडचण एवढीच, की तासाच्या सुरुवातीला काड्या बदलण्यात आणि शेवटी परत लावण्यात माझा निम्मा तास जायचा. वर न्हावऱ्याची एसटी धरायची घाई.

माझ्यानंतर त्या मशीनवर केंदूरची एक बाई बसायची. माझ्यापेक्षा मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायची. शिरूरच्या एका कचेरीत ती तात्पुरती लागली होती. दिवसभर टपालावर शिक्के मारायची. टंकलेखनाची जागा रिकामी होणार होती आणि साहेबांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, या परीक्षेचं सर्टिफिकेट आणलं तर जागा तुमची, नाहीतर शिक्क्यांचंही काम बंद. नवरा गावाकडे कोरडवाहू करत होता. घरात रोखीनं येणारं असं एवढंच होतं. अक्का हे रडत सांगायची नाही. एकदाच सांगितलं आणि टायपिंगला लागली.

एक दिवस मी घाईघाईनं तार घालत होते. अक्का माझ्या पाठीमागं उभी. म्हणाली, "तू कशापायी रोज हे करत बसतीस? एस्टी चुकंल तुजी. मला दाव कसं करायचं ते. माझ्या तासाला मी करून घेईन, आन् जाताना तुझं तुला लावून ठेवीन."

मी दाखवलं. तिनं नीट बघून घेतलं, मान हलवली. त्या दिवसापासून मी आले की मशीन माझ्या मांडणीत तयार, आणि मला अख्खा तास मिळायला लागला. मी कितीदा तरी तिला म्हटलं, "अक्का, तुमचा हात या कामाला चांगलाच बसला हो." ती नुसती हसायची.

परीक्षेचं केंद्र दौंडला आलं. त्या काळी परीक्षेला मशीनं इन्स्टिट्यूटनंच न्यायची असत. सरांनी राहू गावाकडचा गूळ वाहणारा एक टेम्पो ठरवला. प्रत्येक मशीन गोधडीत गुंडाळलं आणि आम्ही पोरी त्याच टेम्पोत मशीनं मांडीशी धरून बसलो. खड्डा आला की सगळ्या घंट्या एकदम वाजायच्या. दौंडच्या शाळेत उतरलो तेव्हा अंगाला, केसांना, गोधड्यांना सगळीकडे गुळाचा वास.

माझी बॅच पहिली, अक्काची दुसरी, मशीन तेच. माझा पेपर मी खणखणीत टाइप केला. उठले तेव्हा पास झाल्याची मला खात्रीच होती. मग मनात आलं, आज अक्काला कशाला त्या काड्यांशी झटायला लावायचं? आज तिचे हात शांत पाहिजेत. मधल्या सुट्टीत मी तार ओढली, काड्या मूळ जागी घातल्या, तक्त्याप्रमाणे मशीन चोख करून ठेवलं आणि दारापाशी ऐटीत येऊन उभी राहिले.

दुसरी बॅच आत गेली. पेपर वाटायच्या आधी मशीन तपासून घ्यायला थोडा वेळ देत. अक्कानं एक ओळ टाइप केली, थांबली, कागद वर ओढून बघितला. पुन्हा टाइप केली. मग तिनं दाराकडे वळून माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा पार उतरला होता. मी तिच्या शेजारच्या खिडकीपाशी गेले.

"हे कुणी बदललं गं?"

"मीच. तुमच्यासाठी. तक्त्यावानी करून ठेवलं."

"अगं बाई," ती कुजबुजली, "मला तुझंच येतंय. हे न्हाई येत."

"म्हंजी? तुम्ही रोज बदलून घेत व्हता ना?"

"एकदाबी न्हाई."

मला आधी काही समजेना, मग समजलं. तिची नोकरी मी माझ्या हातांनी उलटी लावून ठेवली होती. मी तशीच आत घुसले. केंद्रावरचे परीक्षक आडवे आले. "तुमचा पेपर झालाय. परीक्षार्थींना आत येता येणार नाही. मशीन बिघडलं असेल तर इन्स्टिट्यूटच्या मेकॅनिकला बोलवा."

मागून सरांचा आवाज आला, "हीच आमची मेकॅनिक."

"आत्ता तर परीक्षार्थी होती."

"पहिल्या बॅचला होती," सर म्हणाले. "आता मेकॅनिक आहे. वेळ मोजा आणि तिला काम करू द्या."

परीक्षकांनी घड्याळाकडे बघितलं आणि बाजूला झाले. मी तार ओढून गोधडीवर ठेवली, काड्या बदलल्या, तार घातली. अक्कानं कळ दाबली. अक्षर उमटलं. दुसरी दाबली. तेही उमटलं, पण पहिल्याच्याच अंगावर. कागद हलेचना. सगळ्याच कळा मुक्या झाल्या होत्या. परीक्षक पेपरांचा गठ्ठा सोडायला लागले. अक्कानं हात मांडीवर घेतले आणि मला म्हणाली, "ऱ्हाऊ दे. जमंल तसं करीन."

मला संताप आला, तिचा नाही, मशीनचा. गप्प बसा, असं मी मशीनला म्हणाले की अक्काला, ते मलाही ठाऊक नाही. शेवटी काय हलवलं? काड्या. त्या जागेवर होत्या, एकेक ढकलून बघितली. छे, काड्यांच्याही नंतर काय? तार. ती टोकापर्यंत गेली नव्हती, किंचित बाहेर राहिली होती, आणि तिच्यामुळं कडेची एक काडी अर्धवट उभी राहून खालची पट्टी दाबून धरत होती. पट्टी सुटल्याशिवाय कागद पुढं जात नाही. तार पुन्हा ओढली. तिच्या मधोमध गोधडीवरचा गूळ चिकटलेला, मसुराएवढा. पदराला पुसला, तार आत सारली, शेवटाला टोक बसल्याचा आवाज आला.

"कांदा," मी म्हणाले. अक्कानं टाइप केलं. कांदा.

मी बाहेर आले आणि पेपर सुरू झाला. सर माझ्याशेजारी उभे होते. आतून सगळ्या मशीनांचा एकच कडकडाट येत होता. त्यात अक्काचं मशीन कुठलं ते कळायला मार्ग नव्हता.

पेपर सुटल्यावर शाळेच्या आवारात मी तिला गाठलं. "पयलंच सांगायला काय झालं व्हतं?"

"सांगितलं असतं तर तू ऐकली असतीस व्हय? रोज पुन्हा ते स्क्रू घेऊन बसली असतीस." ती पाण्याच्या टाकीशी हात धूत होती. "मला कुठलंबी नवंच शिकायचं व्हतं. भिंतीवरचं शिकायचं ते तुझं शिकले. तुझा तास तर वाचला."

मला रडू आलं. यंत्रानं माणसासारखं व्हावं म्हणून मी सरांशी भांडले होते. इथं एक बाई कुणाशी न भांडता, न सांगता माझ्या हातासारखी झाली होती, आणि मी तिला शाबासकी देत होते ती स्क्रू फिरवण्याबद्दल.

आम्ही दोघी पास झालो. अक्काला जागा मिळाली. थोड्या दिवसांनी इन्स्टिट्यूटमध्ये तिचा निरोप आला, स्क्रू ड्रायव्हर घेऊन कचेरीत ये म्हणून. मी गेले. साहेबांना तिनं काय पटवलं होतं कोण जाणे, ते फक्त म्हणाले, "पत्रं वेळेवर निघू देत, आतलं तुमचं तुम्ही बघा." सरकारी मशीन नवंकोरं होतं. मी तार ओढली, काड्या बदलल्या, तार घातली आणि खुर्ची तिला दिली.

तोवर मी अक्काला सलग टाइप करताना कधी बघितलंच नव्हतं. तिचा तास सुरू व्हायचा तेव्हा मी एसटीत असायची, आणि परीक्षेत तिची पाठ माझ्याकडे होती. तिनं कागद चढवला आणि भराभर टाइप करायला लागली. उजव्या हाताची पाचही बोटं कळांवर पळत होती, डाव्या हाताची चार. डावी करंगळी तिनं तळहातात मुडपून धरली होती.