माझी काळी, तिच्या हातची

रविवारी नितीनच्या ब्रुअरीत गेलो होतो. जायचं नव्हतं खरं तर, पण त्याचा फोन आला... "ये बे, आपली काळी परत चालू करायलोत."

"आपली" म्हणे! बीडबाहेर हायवेवरच्या त्या छोट्या ब्रुअरीत काळी बिअर पहिल्यांदा केली ती मी. पुढे मला पुण्यात नोकरी लागली आणि मागे काळी बंद पडली. खरं सांगतो, तेव्हा वाईट कमी आणि बरं जास्त वाटलं होतं... माझ्याशिवाय जमत नाही म्हणून!

आता बिअर करायला पाटोद्याची अश्विनी आहे. तिने माझी रेसिपी घेतली आणि सरळ मोडली. मी बाहेरून मागवायचो ते जवाचं महागडं माल्ट निम्मं काढलं आणि काळपट होईपर्यंत भाजलेली ज्वारी घातली. ज्वारी! भाकरीची! मला एका शब्दाने विचारलं नाही.

माझ्या पोटात दुखत होतं, लपवत नाही. ग्लास समोर आला तेव्हा मी खोट काढायलाच बसलो होतो. फेस लगेच बसेल, घोट पाणचट लागेल... फेस बसला नाही. घोट तर... जाऊ दे.

एकच आशा उरली होती, मोरेकाका. रिटायर्ड तलाठी आणि माझ्या काळीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. नितीनने ठरवलंच होतं, काकांना पटली तर काळी चालू, नाहीतर कायमची बंद. अश्विनी ट्रे धरून शेजारीच उभी होती.

काकांनी डोळे मिटून घोट घेतला. मग उठले आणि माझाच हात धरला. "हीच ती! तशीच हाय बगा. लई दिवसांनी तुमच्या हातची पेलो!"

माझ्या हातची? पण ऐकून इतकं गोड वाटलं की मी नुसता हसत उभा राहिलो. अश्विनीने मान खाली घातली. ते मात्र मला बघवेना.

"काका, माझी नाही ही. सगळी हिची आहे. ज्वारी घातलीय तिने."

काकांनी ग्लासाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आसं व्हय? मग तुमची कशी हुती?"

सांगायला तोंड उघडलं... आणि आठवेना. शप्पथ! इतकी वर्षं मी केलेली बिअर, पण तोंडात सगळी हिचीच चव.

अश्विनी तेव्हा पहिल्यांदा हसली. "सर, आनखी एक आणू का? आठवंल."

आणायला सांगितली. नाही आठवली.

काळी चालू झाली. अश्विनी, अभिनंदन... अगदी मनापासून म्हणणार नाही, पोटात अजून थोडं दुखतंय. पण पुढच्या वेळी कुणी मला "तुमचीच चव" म्हणालं, तर तुझंच नाव सांगेन. थँक यू.