निळ्या गारवेलीचं बी

समस्त श्वानधारक आणि वेलधारक नागरिकांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येते की, कुत्र्याच्या घरी गारवेल चालते का, या प्रश्नाचा निकाल आमच्या तुळजापूरच्या गल्लीत लागलेला आहे. निकाल देणारे आमचे शेजारी, जनावरांच्या दवाखान्यातले निवृत्त ड्रेसर. साऱ्या गल्लीचे अण्णा. चष्मा कपाळावर चढवून, एक बोट वर करून ते सांगत, "फुलाचं भ्या न्हाय, फार तर पोट बिघडंल. बी मात्र वाईट!"

अण्णांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, अणदूरहून, खंडोबाच्या देवळापासून, एक कुत्र्याचं पिल्लू आणलं होतं. देवाच्या दारचं म्हणून अण्णा त्याला अहो-जाहो करत. "या, जेवून घ्या." मी एकदा त्याला हड् केलं, तर मलाच म्हणाले, "तुमाला कुनी हड् म्हनलं तर?"

पिल्लू आलं त्याच पावसाळ्यात काकूंनी कुंपणाच्या तारेशी गारवेल लावली. पहिली निळी फुलं आली आणि काकू गेल्या. पंधराच दिवसांत कुत्र्यानं उरलेल्या बियांची पुडी फाडून खाल्ली. दिवसभर उलट्या आणि झोकांड्या. अण्णा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिले. दुसऱ्या दिवशी ते उठलं, तेव्हा अण्णा उठले.

गल्ली जमली.

"वेल उपटून टाका, अण्णा."

"तिनं लावलीया."

"मग कुत्रं द्या कुणाला तरी."

"तेबी तिनंच आनलंय."

मग काय, सकाळी तारेवर निळं आभाळ उतरायचं आणि अण्णा समोर खुर्ची टाकून बसायचे. जागे आहेत की झोपेत, कळायचं नाही. ओठ तेवढे हलायचे. दुपारी फुलं मिटली की उठायचे आणि मिटलेलं एकेक फूल देठासकट खुडायचे. नजर चुकवून धरलेलं बियांचं बोंड पाण्याच्या बंबाच्या जाळात. रोज, दिवाळी होऊन गेली तरी.

"पुढच्या पावसाळ्यापुरतं थोडं बी डब्यात ठेवा की," मी म्हणालो.

"पुडी फडताळातच व्हती," असं म्हणून त्यांनी हातातलं बोंडही आगीत टाकलं.

थंडीत वेल वाळून सुतळीसारखी झाली. संक्रांतीच्या आसपास अण्णा झोपेतच गेले. कुत्रं आमच्याकडे आलं. मीही त्याला अहो-जाहो करतो. बायको म्हणते, "मला कधी बोललात का असं?"

पाऊस झाला. आम्ही दोघं रोज सकाळी चहाचे कप घेऊन त्या कुंपणाशी जायला लागलो. कशासाठी, ते एकमेकांना सांगितलं नाही. आघाडा आला, गवत गुडघ्याएवढं झालं. कुत्रं तिथंच पाय ताणून निजायचं. तार मात्र उघडीच.

श्रावण अर्धा झाला तेव्हा एके सकाळी बायकोनं कप खाली ठेवला आणि अण्णांच्या बंद दाराकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "एक तरी बी चुकवायचं होतं की हो, अण्णा!"