धुऱ्याचं भांडण

अल्झायमर एकच, पण आर्णीत आमच्या घरच्या दोन भावांना तो दोन तऱ्हांनी झाला. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, झालेलं भांडण बाबा साफ विसरले. त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, यांना भांडण इंच न इंच आठवतं. फक्त भावाचा चेहरा ओळखू येत नाही. त्यामुळे रोज सकाळी शेजारच्या घरातून ते आमच्या ओट्यावर येतात आणि बाबांनाच सांगतात, "माह्या भावानं माहा धुरा कोरला!"

बाबा चहा पुढे सरकवत कळवळून म्हणतात, "असा भाऊ दुश्मनालेही न भेटो."

मला असला खोटेपणा खपत नाही. एकदा वैतागून खरं सांगायला उठलो, तर आईने दटावलं, "चूप बस! डोकं ठिकाणावर होतं तवा दोघं एका ओट्यावर बसत नव्हते."