पऱ्हाटीचा गॅस आणि मुळांची माती

आमच्या शेडमधली राख रोज उचलली जाते, किस्से मात्र कुणी उचलत नाही. म्हणून ते साचत गेले!

नंदुरबारजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते. कपाशीची पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उरलेली वाळकी झाडं, कमी हवेत जाळली की किती गॅस निघेल, हे आधीच सांगणारं कॉम्प्युटर मॉडेल मी बनवतेय. शेडमधली भट्टी सांभाळतात हिंमतभाऊ. सारंगखेड्याचे, घरची शेती करून नोकरी करणारे.

प्रिन्सिपॉलना त्या शेडच्या जागी पार्किंग हवं होतं. "सर, गाड्या उन्हात उभ्या राहतील. माझी भट्टी कुठे उभी करू?" मी विचारलं. ते म्हणाले, "तपासणीला बाहेरची कमिटी येऊ द्या. ती सांगेल तसं."

* * *

मॉडेल म्हणायचं, राख घमेलंभर. निघायची पोतंभर! आठ दिवस मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होते. शेवटी हिंमतभाऊंनी एक पऱ्हाटी उचलून फरशीवर आपटली. मुळांतून ढेकळं पडली.

"मॅडम, आम्ही पऱ्हाटी उपाडतस, कापतस नही. हाई माती तुमना गणितमा लिखेल शे का?"

नव्हती. मी एक नवा कॉलम केला आणि त्याला नाव दिलं 'माती'.

* * *

त्यावर संशोधनाचा पेपर लिहिला. तपासणाऱ्यांनी कळवलं, सॅम्पल स्वच्छ धुऊन पुन्हा प्रयोग करा. मी उत्तर पाठवलं, "आमच्याकडे शेतकरी पऱ्हाटी धुऊन देत नाहीत!" पेपर परत आला. मी तेच वाक्य घालून दुसरीकडे पाठवला.

* * *

हिंमतभाऊ आणि मी सातपुड्यात मोलगीच्या बाजाराला गेलो होतो. पुढे एका पाड्यात तुराट्यांचा, तुरीच्या वाळक्या काड्यांचा, ढीग दिसला. मी तिथल्या बाईंना विचारलं, "हा कचरा आम्हाला द्याल का?"

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "कचरा नाय. यानं चूल पेटते. ती भिंत पण याचीच."

भिंत खरंच तुराट्यांचीच होती, वरून शेणानं सारवलेली. मला भयंकर लाज वाटली. तेव्हापासून मॉडेलमध्ये घरची चूल आणि भिंत आधी वजा होतात, मग उरलेल्याचा गॅस. प्रिन्सिपॉल म्हणाले, "अशानं गॅसचा आकडा छोटा दिसतो." म्हटलं, "दिसू द्या!"

* * *

अखेर कमिटी आली. शेड राहणार की जाणार, ते त्याच दिवशी ठरणार होतं. हिंमतभाऊंनी मुळांसकट, मातीसकट पऱ्हाटी भरून भट्टी पेटवली.

कमिटीतल्या एका तज्ज्ञांनी माझा 'माती'चा कॉलम पाहिला आणि ते भट्टीकडे पाठ करून थेट शेडमधल्या फळ्याकडे वळले. "एवढी राख असेल तर भट्टी तुंबणार. गॅस पेटणारच नाही. हे मी सिद्ध करून दाखवतो!"

एक समीकरण झालं, दुसरं झालं. फळा भरत आला. त्यांच्या पाठीमागे बर्नरवर हातभर ज्योत फुरफुरत होती. बाकीची कमिटी कधी फळ्याकडे बघे, कधी ज्योतीकडे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हिंमतभाऊ हात जोडून पुढे आले.

"साहेब, तुमनं गणित निवांत व्हवू द्या. व्हयनं का सांगा, मंग मी हाई ज्योत इझाडी देस!"