करंजाच्या पापलेटांची दोन घराणी

मंडळी, उद्या मी विभागात सगळ्यांसमोर एक मोठा शोध सांगणार होते. आज सकाळी तो करंजाच्या बंदरावर बुडाला.

मी पनवेलला राहते आणि माशांच्या डीएनएची आकडेवारी तपासते. लाखो आकड्यांतून कोणते मासे एकमेकांचे जवळचे नातेवाईक, हे गणिताने शोधायचं. यंदा करंजाच्या पापलेटांचे ठिपके आलेखावर सरळ दोन गटांत पडले. एकाच समुद्रात दोन वेगळी घराणी. दोन आठवडे मी हवेत होते.

बंदरावर मासे विकणाऱ्या आणि मला नमुने देणाऱ्या हिरामावशींना आज कौतुकाने मोबाइलवर आलेख दाखवला. "हे ठिपके तुमच्या पहिल्या खेपेचे, हे दुसऱ्या खेपेचे."

मावशी म्हणाल्या, "दुसऱ्या खेपेला आमची होडी गेलीच नव्हती, बाय. तुला रिकामी कशी पाठवू? लांबून बर्फातनं आलेली दिली."

"मावशी, मला सांगायचं ना."

"तू कुठं इचारलंस?"

खरंच विचारलं नव्हतं. गणिताने बाहेरचे मासे बरोबर ओळखले होते, चुकले मी. विभागातल्या सरांना फोन केला, तर ते इतके हसले की मलाही हसू आलं. उद्या आता हाच किस्सा सांगणार आहे.

निघताना मावशींनी हळूच विचारलं, "तुज्या कंप्युटरला खरंच कळतं, मासा कुठला हाय ते?"

"हो."

"मंग गिऱ्हाइकांना नको सांगू."

तुम्ही मासे घेताना फक्त "ताजे ना?" विचारता, की "कुठले?" असंही विचारता?